साडेपाचचा वारा

व्हर्ना काउप्पिलाला खोटं बोलता येत नाही, असं टॅमरॅक पॉइंटात सगळेच म्हणतात. ते खरं आहे, पण अर्धंच. बाईला गप्पही बसता येत नाही. आमच्या विमानतळावर ती सव्वीस हिवाळे बर्फ काढतेय. तेवढ्या काळात चार मॅनेजर आले नि गेले, पाचवा ग्लेन अजून टिकून आहे. त्याला व्हर्नाबद्दल विचारलं तर तो आधी दार लावून घेतो.

विमानतळ म्हणजे फार काही नाही. एक धावपट्टी, एक कधीच बंद पडलेली आडवी पट्टी, एक गॅरेज, दिवसाला दोन विमानं, आणि सरोवरावरून येणारा बर्फ. बर्फाला मात्र आमच्याकडे तोटा नाही. हिवाळ्यात वीस फूट पडला तर लोक म्हणतात, चला, यंदा स्वस्तात सुटलो. चार माणसं तो काढतात. डेन्झिल ट्रेवार्थन बर्फ दूर फेकणारा ब्लोअर चालवतो, दोघे जण बर्फ ढकलायच्या मोठ्या गाड्या हाकतात, आणि ह्या सगळ्यांच्या मागून पिकअपमध्ये झाडू घेऊन व्हर्ना जाते. धावपट्टीच्या कडेला सत्तर दिवे आहेत. गाड्यांनी उडवलेला बर्फ त्यांच्यावर बसतो, आणि वरून येणाऱ्या वैमानिकाला वादळात दुसरं काही दिसत नाही, दिवेच काय ते दिसतात. ते दिसते ठेवणं हे व्हर्नाचं काम.

"माझ्या दिव्यांमुळे एकही विमान माघारी गेलेलं नाही," हे ती चर्चमध्ये कॉफी पिताना सांगते, किराण्याच्या रांगेत सांगते, आणि दाताच्या डॉक्टरकडे तोंडात कापूस असतानाही सांगते. लोक हसतात. पण चार वर्षांपूर्वी जानेवारीत तिची धाकटी बहीण आयली हिच्या छातीत कळ आली. रस्ते बंद होते, इस्पितळ अडीचशे मैलांवर. तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्सचं विमान त्या वादळात उतरलं ते ह्याच दिव्यांच्या आधाराने. आयली आज ठणठणीत आहे आणि व्हर्नाच्या पेस्टीत, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या करंजीत, गाजर फार असतं म्हणून दर शनिवारी कुरकुर करते. त्या दिवसापासून व्हर्नाच्या बढाईला कुणी तोंडावर हसत नाही.

तर झालं असं, की विमानतळ ज्यांचा त्या काउंटीला, म्हणजे आमच्या जिल्ह्याला, दिवे बदलायचे होते. जुने बल्ब वीज खातात, वरचेवर जातात. नव्या एलईडी दिव्यांना वीज निम्म्याहून कमी लागते आणि दहा वर्षं बघायला नको. दिवे विकणारा गृहस्थ नमुना घेऊन आला, टेबलावर लावून दाखवला. व्हर्नाने हातमोजा काढला आणि काचेवर तळवा ठेवला.

"हा तर गार आहे!"

"गारच असणार मॅडम. वीज उष्णतेत वाया जात नाही, हीच तर खुबी आहे."

"आणि बर्फ कोण वितळवणार? तुझा बाप?"

ग्लेनने खोकून वेळ मारून नेली. पण तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जुना बल्ब तापायचा. भुरभुर पडली तर ती त्याच्यावर आपोआप विरघळायची, मोठं वादळ आलं तरच झाडू लागायचा. नव्या दिव्यावर बसलेला बर्फ मुक्कामाला राहणार. तळाशी छोटा हीटर असलेले दिवेही मिळतात, पण ते महाग, आणि विक्रेता म्हणे त्यांची काही गरज नाही. काउंटीच्या बोर्डाने त्यावर आणखी एक शहाणपण लढवलं: नव्या दिव्यांना देखभाल नाही, आणि व्हर्ना पुढच्या वर्षी निवृत्त होतेय, तर तिची जागा भरायचीच कशाला? चाराचे तीन करू. कागदावर सगळं कसं छान जमत होतं.

दर वर्षी राजधानीतल्या एका संशोधन मंडळाचं पत्रक आमच्याकडे येतं. विमानतळ चालवणाऱ्यांनो, तुमची रोजची अडचण दोन पानांत कळवा. पटली तर आम्ही माणसं नेमून तिचा अभ्यास करवू आणि उत्तर सगळ्या विमानतळांना देऊ. ग्लेन हे पत्रक दर वर्षी वाचायचं म्हणून बाजूला ठेवतो आणि वसंतात फेकून देतो. त्या वर्षी व्हर्नाने ते उचललं आणि जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलने दोन पानं लिहून काढली. मथळा दिला: 'नवे दिवे बर्फ वितळवत नाहीत. तुमच्यापैकी कुणी हात लावून पाहिलाय का?'

ग्लेनने ते टाइप करून, मथळा जरा सौम्य करून पाठवलं. मंडळावर बसणारेही निरनिराळ्या विमानतळांवरचेच लोक असतात, बर्फ उपसून हात सोललेले. त्यांनी शेकडो अर्जांतून तिचा उचलला. टॅमरॅक पॉइंटची अडचण देशाची अडचण ठरली! त्या आठवड्यात व्हर्ना किराणा आणायला तीनदा गेली.

नोव्हेंबरात डॉ. नादीन ब्रूसार आली. नोकरी गाडीने दहा तासांवरच्या विद्यापीठात, पण जन्म लुइझियानाचा, दलदलीच्या काठचा. अंगात तीन कोट.

"तुमच्या गावी बर्फ पडतो का गं?" डेन्झिलने विचारलं.

"पडतो ना, ग्लासात," नादीन म्हणाली, आणि त्या क्षणापासून ती डेन्झिलची लाडकी झाली.

बंद पट्टीच्या कडेने तिने दहा नवे दिवे ओळीत बसवले. पाच हीटरवाले, पाच नुसते. तिथे विमान येत नाही, म्हणजे दिवे बुडाले तरी कुणाला धोका नाही. प्रत्येक दिव्यासमोर उजेड मोजणारा एक डोळा. त्याचे आकडे फोनच्या तारेवरून थेट विद्यापीठात जात. शिवाय खांबावर एक कॅमेरा होता, काही हललं की टिपणारा. त्याची चित्रं जड असल्याने खालच्या पेटीतच साठत, ती वसंतात काढायची होती. ओळीच्या तोंडाशी नादीनने पाटी ठोकली: 'प्रयोग चालू आहे. दिव्यांना हात लावू नये.'

"मॅम, हे फार महत्त्वाचं आहे," ती व्हर्नाला म्हणाली. "ह्या दहांकडे ढुंकूनसुद्धा बघायचं नाही."

"मला काय सांगतेस पोरी? अर्ज माझाच आहे. आणि मॅम म्हणू नकोस, कुणीतरी वारल्यासारखं वाटतं."

हिवाळा नेहमीसारखाच गेला, म्हणजे आम्ही त्याच्याखाली गेलो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नादीनचा प्राथमिक अहवाल आला. बोर्डाने मुद्दाम मागवून घेतला होता, कारण एप्रिलच्या बैठकीत दिव्यांचा आणि माणसांचा निकाल एकदमच लावायचा होता. ग्लेनने कॉफीच्या खोलीत तो मोठ्याने वाचला.

"'हीटर असलेल्या आणि नसलेल्या दिव्यांत विशेष फरक आढळला नाही. नसलेल्या दिव्यांवर बर्फ साचतो. मात्र पहाटे साडेपाचच्या सुमारास तो निघून जातो. हा स्थानिक वाऱ्याचा परिणाम असावा.'"

"साडेपाचचा वारा?" डेन्झिलने कप खाली ठेवला. "चाळीस वर्षं झाली मला इथे. साडेचारचा माहितीय, सहाचा माहितीय. साडेपाचला हा कुठला येतो?"

सगळ्यांत जोरात व्हर्नाच हसली. "दहा तासांवर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या की असंच व्हायचं! म्हणे वारा! वारा काय झाडू घेऊन येतो?"

आणि बोलता बोलता तिचं हसू आटलं. साडेपाचला गॅरेजमधून निघून धावपट्टीकडे कोण जातं? वाट कुठून आहे? बंद पट्टीवरून. दिवे कुठल्या बाजूला आहेत? चालवणाऱ्याच्या. झाडू कुठे असतो? खिडकीत, डाव्या हाताशी.

छे, तिने स्वतःलाच सांगितलं. काहीतरीच. मला आठवलं नसतं का?

दुसऱ्या दिवशी पहाटे चार इंच पडला होता. व्हर्नाने झाडू मुद्दाम मागे टाकला, दोरीने बांधला, आणि स्वतःवर पहारा करत निघाली. खिडकी बंद. ओळ आली. हीटरवाले पाच झगझगत होते; पुढचे पाच बर्फाच्या टोप्या घालून बसलेले. पहिल्याशी तिचा पाय ब्रेकवर गेला. तिने तो उचलला. दुसऱ्याशी डावा हात खिडकीची काच खाली करू लागला. तिसऱ्याशी गाडी थांबली, आणि झाडू मागे बांधलेला म्हणून व्हर्ना काउप्पिला, वय एकसष्ट, कोपरापर्यंत बाहेर वाकून हातमोज्यानेच दिवा पुसत होती. पुसून झाला, दिवा लकाकला, आणि मग कुठे तिला आपण काय केलं ते कळलं.

ती गाडीतच बसून राहिली. बर्फ काढायला दहा मिनिटं उशिरा आली, सव्वीस वर्षांत प्रथमच.

तिने डेन्झिलला सांगितलं. डेन्झिल आधी इतका हसला की त्याला ठसका लागला, मग तिचा चेहरा पाहून थांबला.

"जित्याची खोड," तो म्हणाला. "ऐक माझं. कुणाला बोलू नकोस. आता हात आवर. एप्रिलात एक वादळ येतंच. दिवे बुडतील, आकडे बदलतील, ती पोरगी लिहील की वारा पडला."

"आणि नाही आलं तर? बोर्ड हाच कागद धरून बसेल. हीटर नको, चौथा माणूस नको. नुसते गार दिवे लावतील आणि मी घरी. मग पुढच्या जानेवारीत कोणाची आयली मरेल?"

"आणि सांगितलंस तर तुझं नाव काय राहील? सगळ्या देशातून तुझा अर्ज निवडला, आणि प्रयोग तूच घालवलास! आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा. जन्मभर ऐकवतील लोक."

हे खरंच होतं, म्हणून तिला जास्त झोंबलं. शनिवारी आयलीकडे सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीत, ती एक शब्द न बोलता बसली. आयलीने तापल्या दगडांवर पाणी टाकलं आणि म्हणाली, "तू सोमवारी फोन करणार आहेस. मला माहितीय, तुला माहितीय. मग उगीच इथे बसून डोकं का तापवतेस?"

सोमवारी तिने फोन केला. नादीनला सगळं सांगितलं.

"किती वेळा पुसलेत, मॅम?"

"बर्फ पडला तितक्या वेळा."

"म्हणजे सगळा हिवाळा?"

"सगळा."

"मी स्वतः पाटी लावली होती तिथे!" नादीनचा आवाज चढला. "ह्या ह्या हातांनी ठोकली होती! हात लावू नये म्हणून मोठ्या अक्षरात!"

"हो गं," व्हर्ना म्हणाली. "पाटीवरचा बर्फही मीच पुसत होते."

फोन आपटल्याचा आवाज आला. व्हर्नाने रिसीव्हर जागेवर ठेवला, जाऊन गॅरेज झाडलं, आणि झाडून झालेलं पुन्हा झाडलं. तिला रडू येत होतं आणि ते ती कुणाला दिसू देणार नव्हती. स्वतःच्या हाताचा तिला इतका राग कधी आला नव्हता.

तिसऱ्या दिवशी नादीन येऊन उभी राहिली, डोळ्यांखाली काळं, तीनपैकी दोनच कोट. कुणाशी न बोलता तिने खांबाखालची पेटी उघडली, त्यातलं कार्ड काढलं आणि कॉफीच्या खोलीत लॅपटॉपला लावलं. "काय काय बिघडलंय ते तरी बघू," म्हणाली. ग्लेन, डेन्झिल आणि व्हर्ना मागे उभे राहिले, मास्तरांच्या टेबलामागे मुलं उभी राहतात तसे.

पडद्यावर पहाट आली, बर्फ आला, पिकअपचं नाक आलं. मग खिडकीतून एक नारिंगी बाही आणि झाडू. एक, दोन, तीन, चार, पाच. गाडी गेली. डेन्झिलला हसू फुटलं. दुसरी तारीख: तीच बाही. तिसरी, चौथी. ख्रिसमसची सकाळ. जानेवारीतला तो दिवस, जेव्हा डिझेल गोठलं होतं आणि आम्ही कुणी दाराबाहेर नाक काढलं नव्हतं, बाही होतीच. फेब्रुवारीत दाढ सुजली तेव्हा तोंडाला मफलर बांधलेली व्हर्ना, डोळे अर्धे मिटलेले, आणि हात बरोबर दिव्यावर. हसणं कधीच थांबलं होतं. एक्कावन्न सकाळी.

व्हर्नाने स्वतःला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहतो? तिला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तारखा सरकत गेल्या तशी ती जरा ताठ उभी राहिली. त्या हाताला ना झोप दिसत होती, ना दाढ, ना थंडी. बाईला अभिमान वाटला, आणि अशा वेळी अभिमान वाटावा ह्याची पुन्हा लाज वाटली.

नादीन मात्र बघता बघता घड्याळ लावून बसली होती. "एका दिव्याला नऊ सेकंद, गाडी पुढे घ्यायला अकरा," ती पुटपुटली. मग वळून ग्लेनला म्हणाली, "मुख्य धावपट्टीवर सत्तर आहेत ना? आणि मोठ्या वादळात दिवसातून चार-चार फेऱ्या? हे काम तुमच्याकडे कुठे नोंदलेलं असतं?"

ग्लेनने कपाळ खाजवलं. "हे म्हणजे... नोंद अशी नाही. ब्लोअरची असते, गाड्यांची असते. हे काय, व्हर्ना करते."

"व्हर्ना करते," नादीन म्हणाली. खुर्चीत मागे टेकली आणि तिच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता उतरला. "अहो, मी गेल्या वर्षी तेवीस विमानतळांना विचारलं होतं, नव्या दिव्यांचा बर्फात त्रास होतो का? सतरांनी लिहिलं, नाही. मला तेव्हापासून कोडं पडलंय, त्यांना त्रास कसा होत नाही? त्या सतरांकडे प्रत्येकी एक अशी बाही असणार! आणि ती कुठल्याच कागदावर नसणार."

डेन्झिलने व्हर्नाच्या खांद्यावर थोपटलं, जरा जोरातच.

"पण चूक ती चूकच आहे, मॅम," नादीन म्हणाली. "अहवालात मला ती लिहावी लागेल. पहिले आकडे रद्द, आणि का रद्द तेही. तुमचं नाव घालू नको का?"

"नाव घाल," व्हर्ना म्हणाली. "पुसले मी, तर लिहायचं कुणाचं?"

तरी एक गोष्ट उरलीच होती. हात लागला नाही तर नुसत्या दिव्यांचं काय होतं, हे दाखवायला एक तरी कोरं वादळ हवं होतं. एप्रिलची आठ तारीख आली, दहा आली, छपरांवरून पाणी गळायला लागलं. बैठक सोळाला. जन्मात पहिल्यांदा व्हर्नाने बर्फ पडावा म्हणून प्रार्थना केली, आणि डेन्झिलने तिच्याशी एक दिवस अबोला धरला.

बारा तारखेला दुपारी सरोवरावरून तो आला. जड, ओला, चिकट. मुख्य धावपट्टीवर त्या दिवशी झाडू डेन्झिलने घेतला, आणि व्हर्नाला नादीनने पिकअपमध्ये शेजारी बसवलं, बंद पट्टीवर, ओळीच्या समोर. किल्ली नादीनच्या खिशात.

पाऊण तासात पहिला दिवा मंदावला. मग दुसरा. हीटरवाले पाच जण स्वच्छ जळत होते आणि शेजारचे पाच एकेक करून विझल्यासारखे होत होते. व्हर्नाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"एवढा एकच पुसून येते. शेवटचा. कडेचा."

"नाही."

"कुणाला कळणार नाही."

"मॅम, कॅमेरा आहे."

"पेर्केले!" व्हर्ना ओरडली. ही फिन्नी भाषेतली शिवी; चर्चला जाणारी ती बाई त्या भाषेत इतकंच बोलते. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिने हात बाहेर काढले नाहीत. दोन तासांनी तिथे पाचांच्या जागी बर्फाचे पाच उंचवटे होते, बस्स. वरून येणाऱ्या माणसाला तिथे काहीही दिसलं नसतं.

"झालं," नादीन म्हणाली. "जा आता."

व्हर्ना दार उघडून पळतच गेली.

सोळाला बोर्डाची बैठक. अध्यक्षबाई मार्लिस ओस्टरहाउट चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या, समोर आधीचा अहवाल, त्यात वाऱ्याच्या वाक्याखाली पेनाने रेघ मारलेली. नादीनने सरळ सुरुवात केली: तो अहवाल चुकीचा आहे, मी मागे घेतेय. मग तिने बारा तारखेचे पाच उंचवटे दाखवले, आणि त्यानंतर एकही शब्द न बोलता एक्कावन्न सकाळी.

"म्हणजे ह्या बाईंनी तुमचा सगळा प्रयोग बिघडवला," एक सदस्य म्हणाला.

"बिघडवला," नादीन म्हणाली. "आणि तुमचे दिवे का दिसतात, हे मला त्यामुळेच कळलं. हिवाळ्याकाठी साठ तासांहून जास्त काम आहे हे. दिवे कसलीही देखभाल न मागता चालतात असं तुम्ही ज्याला म्हणता ना, ते हे."

अध्यक्षबाई व्हर्नाकडे वळल्या. "व्हर्ना, पाटी होती, तुला बजावलं होतं, अर्ज तुझाच होता. तरी कसं गं?"

व्हर्ना उठली. आदल्या दिवशी आयलीने तिच्याकडून एक नम्र वाक्य पाठ करून घेतलं होतं. ते कुठल्या कुठे गेलं.

"मार्लिस, मला कळलंच नाही. हात गेला. बुडालेला दिवा दिसला की माझा हात जातो, तो मला विचारत नाही. चूक झाली, मी कबूल करते, पेपरात छापा हवं तर. पण हेही ऐका. मी ह्या वर्षाअखेर घरी बसणार, आणि हा हात माझ्याबरोबर घरी येणार. हीटर नको असतील तर नका लावू. माझी जागा नसेल भरायची तर नका भरू. मग वादळात तुमच्यापैकी कुणाच्या घरी कळ आली आणि वर विमान घिरट्या घालायला लागलं, की तुमच्या त्या साडेपाचच्या वाऱ्याला हाक मारा. बघू येतो का!"

सभागृह हसलं, पण फार वेळ नाही. त्या खोलीतल्या कुणाचंच असं घर नव्हतं, जिथलं कुणी ना कुणी त्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या विमानातून गेलेलं नव्हतं.

ठराव एकमताने झाला. सगळ्या सत्तर दिव्यांना हीटर, आणि हिवाळ्यात माणसं चारच. विरोधी हात कुणाचा आहे का म्हणून अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा ग्लेनने चुकून हात वर केला, त्याला मोजणी कुठली चाललीय ते कळलं नव्हतं. डेन्झिलने तो खाली ओढला.

पुरा अहवाल शरदात छापून आला. नादीनने शब्द पाळला होता: रद्द आकडे, कारण, व्हर्नाचं पूर्ण नाव. आणि पुढे अख्खं प्रकरण, 'दिव्यांची हाताने सफाई: न नोंदलेले काम'. देशातल्या प्रत्येक विमानतळाला सांगितलं होतं की नवे दिवे घेण्याआधी एक हिवाळा हे काम मोजा, आणि ते कोण करतं तेही लिहा. व्हर्नाने ती प्रत आमच्यातल्या प्रत्येकाला दाखवली, काहींना दोनदा, आणि सांगते, कुणी कंटाळलं नाही. आम्हालाही छाती फुगवून चालायला काहीतरी मिळालं होतं.

नोव्हेंबरात, व्हर्नाच्या नोकरीचे थोडेच आठवडे राहिले असताना, कॉफीच्या खोलीतला फोन वाजला. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा विमानतळावरून एक बाई बोलत होती. नाव मात्रोना. आवाज दबलेला.

"तुम्हीच का त्या, दिवे पुसणाऱ्या?"

"मीच."

"मी पण पुसते," मात्रोना म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली. आज आमचे साहेब ते पुस्तक हातात घेऊन गॅरेजमध्ये आले. म्हणाले, मात्रोना, हे आपल्याकडे तू करतेस का? किती वेळ जातो तुझा? एकोणीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं हो."

"मग तू काय सांगितलंस?"

"काही सांगता आलं नाही. मी रडायलाच लागले."

व्हर्नाला क्षणभर बोलता आलं नाही. डेन्झिल म्हणतो, तेवढीच एक वेळ.

"रड," ती म्हणाली मग. "चांगली पोटभर रड. आणि झालं की एक वही घे, आणि पहिल्या पानावर आधी तुझं नाव लिही."